कोठीपोटाचे औषध जनावराच्या तोंडातच

लग्नसराईत गावोगाव एक प्रकार हमखास घडतो. पंगतीत उरलेला भात, पुऱ्या, बुंदी वाया जाऊ नये म्हणून रात्री गोठ्यात आणून टाकतात. गाय ते आवडीने खाते. दुसऱ्या दिवशी ती वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ बंद होते, डाव्या कुशीवर दाबले तर आत पाणी डुचमळल्यासारखे लागते. पुढे आंबूस वासाचे पातळ शेण टाकत ती बसते आणि उठत नाही. खळ्यावर सुटून ज्वारी खाल्लेल्या बैलाचेही असेच होते. घरचे लोक नजर उतरवतात. खरे पाहता हा कोठीपोटातील आम्लतेचा, म्हणजे ॲसिडोसिसचा आजार होय.

कोठीपोटातील जिवाणू वैरण आंबवतात तेव्हा आम्ले तयार होतातच. कडब्यापासून ती सावकाश होतात. दाणा, पीठ, भात, साखर यांपासून मात्र भराभर होतात आणि लॅक्टिक आम्ल साचते. कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ असतो. तो ५ च्या आसपास घसरला की उपयुक्त जिवाणू मरतात, रक्तातील पाणी पोटात ओढले जाते आणि जनावर आतून सुकते.

या आम्लाला रोज मारणारे औषध जनावराच्या तोंडातच आहे, ते म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला सुमारे १०० ते १५० लिटर लाळ गिळते. पंधरा लिटरच्या बादलीने मोजा, सात ते दहा बादल्या भरतील! या लाळेत खाण्याच्या सोड्याचाच क्षार असतो. एकूण हिशेब केला तर गाय रोज किलोभराहून अधिक सोडा स्वतःच तयार करते.

ही लाळ केव्हा सुटते, हे नीट समजून घ्यावे. कानाखालच्या ग्रंथीतून ती थोडीथोडी सतत झिरपते, पण लोट सुटतो तो चघळताना. भरड वैरण तोंडात दळली जाते, कोठीपोटाच्या तोंडाशी तिची काडी घासते, तो निरोप मेंदूला जातो आणि परानुकंपी चेतातंतूंतून ग्रंथींकडे परततो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि ग्रंथी वाहू लागते. पीठ किंवा भात चघळावाच लागत नाही. म्हणजे आम्ल सर्वांत जास्त होते, नेमकी तेव्हाच लाळ कमी पडते.

मी कृषिविद्येचा माणूस, पशुवैद्य नव्हे. परंतु हा प्रश्न मला औषधाआधी वैरणीचा वाटतो. कुट्टी यंत्राने कडब्याचा भुसा करू नका, तुकडा इंच-दीड इंचाचा राहू द्या. खुराकाआधी थोडी वाळलेली वैरण टाका. खुराक वाढवायचा तर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि दिवसाचा वाटा तीन-चार वेळांत द्या. दुपारी गोठ्यात डोकावून पाहा. निवांत बसलेल्यांपैकी निम्मी जनावरे तरी रवंथ करताना दिसली पाहिजेत.

भरपूर खुराक खाणाऱ्या दुभत्या गाईला खुराकात १ ते १.५ टक्का खाण्याचा सोडा मिसळण्याची पद्धत चांगली आहे. ५ किलो खुराकाला ५० ते ७५ ग्रॅम पुरे. पण लाळेतल्या किलोभर सोड्यापुढे हा केवढा! वैरण तोडून सोड्यावर भागवू पाहणारा फसतो.

आजार झालाच तर डॉक्टरांना त्वरित बोलवा. ते शिरेतून सोडियम बायकार्बोनेट व सलाईन देतात, तोंडावाटे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड देतात, प्रसंगी शस्त्रक्रियेने कोठीपोट रिकामे करतात. पोटफुगीवरचे गोडेतेल येथे उपयोगी नाही. मलूल जनावराला काहीही जबरीने पाजू नका, ते फुप्फुसात जाते.

याच्या उलट स्थितीही येते. फवारणीच्या पाण्यातून क्लोरपायरीफॉससारखे ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक पोटात गेले, तर ॲसिटिलकोलीन नष्ट करणारे विकरच बंद पडते. निरोप थांबतच नाही. तोंडातून लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, बारीक झालेली बाहुली आणि धाप ही त्याची लक्षणे. यावर डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात. ते ग्रंथीपाशी त्या निरोपाची वाट अडवते. मात्र तेच औषध कोठीपोटाची हालचालही थांबवून पोट फुगवू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. लाळ्या खुरकूत रोगातही लाळ गळते, पण त्यात ताप असतो, जिभेवर व खुरांत फोड येतात. तेथे ॲट्रोपिनचे काम नाही.

विषबाधेचा संशय आल्यास औषधाचा डबा फेकू नका, लेबलासह डॉक्टरांना दाखवा. अंगावर औषध सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने जनावर धुवून काढा.