हसण्याआधीचा ठेका

टीव्हीवरच्या विनोदात पार्श्वसंगीताचे नेमके काम काय, हे समजून घ्यायला रायपूरच्या आसपासचा 'नाचा' फार उपयोगी पडतो. छत्तीसगडच्या गावांत रात्र रात्र चालणाऱ्या या लोकनाट्यात 'जोक्कड' हा विदूषक आणि 'परी' झालेला पुरुष नट 'गम्मत' म्हणजे विनोदी प्रसंग रंगवतात आणि वादक प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच असतात. जुन्या 'खडे साज' प्रकारात ते वाद्ये अंगाला बांधून उभ्यानेच वाजवत. राजनांदगावकडच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी १९२८च्या सुमारास आपली मंडळी उभी केली आणि चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणली. वाद्ये बदलली, तरी वादकाचे काम तेच राहिले: नजर नटावर ठेवायची आणि कान प्रेक्षकांकडे.

माझे म्हणणे असे, की संगीताने विनोदाला खरी मदत होते ती हशा पिकण्याआधी. चालीला ठेका मिळाला की प्रेक्षक नकळत पुढच्या मात्रेची वाट पाहू लागतो. नट त्या मात्रेला चकवतो किंवा वादक ऐन वेळी थांबतो, आणि मोडलेल्या अपेक्षेतून हसू फुटते. आपल्या तमाशातही सोंगाड्या आणि ढोलकीवाला यांचे नाते असेच असते. १९२३ साली रायपुरात जन्मलेल्या नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांनी नाचातली ही ताकद ओळखली. १९७३मध्ये त्यांनी रायपुरातच नाचाच्या कलावंतांची कार्यशाळा घेतली आणि जुन्या गम्मती एकत्र गुंफून 'गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभे केले. १९७५च्या 'चरणदास चोर'मध्ये तर समूहगीते प्रसंगांच्या मधोमध येऊन चोराच्या खरेपणावर भाष्य करतात. ती वगळली, तर त्या नाटकाचा विनोद आणि त्याचा करुण शेवट यांना जोडणारा दुवाच तुटेल. या नाटकाला १९८२मध्ये एडिंबरोत फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. छत्तीसगढी न कळणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही ते पोहोचले, आणि त्यात या संगीताचा वाटा मोठा असणार.

यावर आक्षेप येईल, की चांगल्या विनोदाला टेकू लागत नाही; संगीत प्रेक्षकाला 'आता हसा' असा हुकूम सोडते. हा आक्षेप खरा आहे, पण तो लागू होतो विनोदानंतर चिकटवलेल्या आवाजाला. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ली डग्लस यांनी ध्वनिमुद्रित हशा पुरवणारे यंत्र बनवले, तो याच वृत्तीचा टोकाचा नमुना. 'मॅश' या लष्करी इस्पितळावरच्या विनोदी मालिकेच्या निर्मात्यांनी शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो हशा ठेवू दिला नाही, कारण तिथे प्रेक्षकाच्या भावनेवर विश्वास टाकणे गरजेचे होते. दुसरा आक्षेप असा, की मैदानातल्या नटाला गर्दीचे लक्ष खेचून घ्यावे लागते, तर टीव्हीच्या कॅमेऱ्याला भुवई उडालेलीही दिसते. म्हणून छोट्या पडद्यावर आवाजाची पट्टी खाली आणावी लागेल, हे मान्य. पण वेळ साधण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे. संकलनाच्या टेबलावर प्रत्येक वाक्यामागे तोच ठरलेला 'ढँग' टाकला, की दोन वाक्यांमधली शांतता जाते, आणि तिच्याबरोबर नटाने कमावलेला क्षणही.

म्हणून विनोदी कार्यक्रमांच्या निर्मात्यांनी नाचाकडून वाद्यांपेक्षा कामाची पद्धत उचलावी. संगीतकाराला तालमीपासून सोबत घ्यावे, नटाचा श्वास त्याला ओळखू द्यावा आणि कुठे वाजवायचे याइतकेच कुठे गप्प राहायचे, हे ठरवण्याचा हक्कही त्याला द्यावा.