निळा घोडा आणि चित्रकलेचा तास



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवीत आणि मी चित्रकला. परीक्षा तोंडावर आली की इतर विषयांचे शिक्षक माझा तास मागून घेत. गुरुजींनी मात्र तो कधी मागितला नाही. मुलांना रंगवू द्यावे, बेरजा उद्याही होतील, असे ते म्हणत. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना एका चित्रकाराचे चरित्र सांगावे असे मला वाटले, कारण त्या चरित्राच्या मुळाशी एक शाळामास्तर उभा आहे.

हा चित्रकार म्हणजे एरिक कार्ल. त्यांचा जन्म १९२९ साली अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे झाला. आईवडील जर्मन. पहिलीच्या वर्गात मोठमोठे कागद, भडक रंग आणि जाड कुंचले हाती आल्याची सुखद आठवण त्यांनी जन्मभर जपली. आईला माहेरच्या ओढीने चैन पडेना, म्हणून १९३५ मध्ये कुटुंब जर्मनीतील स्टुटगार्टला परतले. तेथील शाळेत लहानसा कागद, टणक पेन्सिल आणि पट्टी मिळाली. चूक झाली की हातावर छडी. पुढे युद्ध पेटले. मुलाला रानात नेऊन, दगड उचलून त्याखालचे किडेमुंग्या दाखविणारे वडील सैन्यात गेले आणि रशियात युद्धकैदी झाले. ते घरी आले ते १९४७ साली, अगदी खंगलेल्या अवस्थेत.

त्या काळात नाझी सत्तेने आधुनिक चित्रकलेला 'अधःपतित' ठरविले होते. १९३७ मध्ये म्यूनिकला अशा चित्रांचे प्रदर्शन भरविले गेले, ते केवळ त्यांची विटंबना करण्यासाठी. अशा दिवसांत फ्रिडोलिन क्राउस नावाच्या चित्रकलाशिक्षकाने बारा-तेरा वर्षांच्या एरिकला घरी बोलाविले आणि एका पेटीतून पिकासो, मातीस, क्ले यांच्या निषिद्ध चित्रांच्या छापील प्रती काढून दाखविल्या. त्यांत फ्रान्झ मार्कचा निळा घोडाही होता. मुलगा आधी गोंधळून गेला. असा घोडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. ही गोष्ट बाहेर फुटली असती, तर त्या शिक्षकाची नोकरीच नव्हे, स्वातंत्र्यही गेले असते. तरी त्यांनी ती पेटी उघडली.

स्टुटगार्टच्या कला अकादमीत शिकून कार्ल १९५२ मध्ये न्यूयॉर्कला परतले, तेव्हा खिशात अवघे चाळीस डॉलर होते. चित्रकार लिओ लिओनी यांच्या साहाय्याने त्यांना 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये काम मिळाले. पुढे ते जाहिरातक्षेत्रात गेले. एका जाहिरातीसाठी त्यांनी केलेला लाल शेवंडा लेखक बिल मार्टिन यांच्या नजरेस पडला आणि त्यातून १९६७ मध्ये 'ब्राऊन बेअर, ब्राऊन बेअर, व्हॉट डू यू सी?' हे पुस्तक झाले. तेव्हा कार्ल अडतीस वर्षांचे होते.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. ते तलम, झिरझिरीत कागदांवर रंगांचे फराटे, ठिपके व रेघा उमटवीत. वाळलेले कागद रंगवारीने खणांत लावून ठेवीत. मग हवे ते आकार कापून डिंकाने चिकटवीत. एकावर एक बसलेल्या पातळ थरांतून खालचा रंग डोकावतो आणि चित्र सजीव वाटते. रंगीत कागद, कात्री व डिंक एवढेच साहित्य. म्हणून चित्र पाहणाऱ्या मुलाला 'हे मलाही जमेल' असे वाटते.

१९६९ सालच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'चा उगमही असाच साधा. कागदांना भोके पाडताना त्यांना पुस्तक पोखरणारी अळी सुचली. संपादिका अ‍ॅन बेनेड्यूस यांनी त्याऐवजी सुरवंट सुचविला, आणि सुरवंट म्हटल्याबरोबर कार्लना फुलपाखरू दिसले. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती असा हा सुरवंट पाने कुरतडीत जातो. बाळाचे बोट त्या भोकांतून फिरते आणि खेळता खेळता वार, अंक व जीवनचक्र त्याच्या अंगवळणी पडते. भोकांची, लहानमोठ्या पानांची ही छपाई अमेरिकेत परवडेना, म्हणून ती जपानात करून घ्यावी लागली. आज या पुस्तकाच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. घर सोडून शाळेत जाणे हा बालकाला मोठाच धक्का असतो आणि आपली पुस्तके त्या दोहोंमधला पूल आहेत, अशी कार्ल यांची धारणा होती.

२००२ मध्ये त्यांनी पत्नी बार्बरा यांच्यासह अ‍ॅमहर्स्ट येथे चित्रपुस्तकांतील मूळ चित्रांचे संग्रहालय उभारले. २०११ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी निळा घोडा रंगविणाऱ्या चित्रकारावर पुस्तक काढले. क्राउस मास्तरांनी उघडलेल्या पेटीचे ऋण सुमारे सत्तर वर्षांनी असे फेडले गेले. २३ मे २०२१ रोजी कार्ल निवर्तले.

आता एक कबुली. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत तिसरीतल्या एका मुलीने जांभळी म्हैस रंगविली. मी लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारली आणि म्हैस काळी असते असे बजावले. तिने मुकाट्याने ती काळी केली. पण वर्षअखेरपर्यंत तिच्या वहीत आपणहून काढलेले एकही चित्र आले नाही. क्राउस यांची हकीकत वाचली त्या रात्री मला तीच वही आठवली. त्यांच्या डोक्यावर सत्तेची तलवार होती. माझ्यावर कोणाचीही सक्ती नव्हती.

ती मुलगी चित्रकार झाली असती असे मी म्हणत नाही. सगळ्याच सुरवंटांना आपण फुलपाखरू होताना पाहत नाही. त्यांना पान मिळाले की नाही, एवढेच आपल्या हाती असते. गुरुजींनी माझा तास मागितला नाही, याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. आज येथे बसलेल्या शिक्षकांना व पालकांना माझी एवढीच विनंती आहे : परीक्षा जवळ आली तरी मुलांचा तो तास मागू नका, आणि वहीत जांभळी म्हैस दिसली, तर हातातली लाल पेन्सिल खाली ठेवा.