दारफळणीचा सण : बेने इस्रायल समाजातील वार्धक्य, मृत्यू व परलोक यांचा विचार

प्रस्तावना

न्हावा शेवा हे नाव १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरामुळे सर्वपरिचित झाले. तथापि उरण, पनवेल, पेण, अलिबाग असा पसरलेला हा किनारी प्रदेश मराठीभाषक बेने इस्रायल या ज्यू समाजाचीही जुनी वसतिभूमी आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा व शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाई. पेणकर, पनवेलकर, केहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे येथील गावांवरूनच आली आहेत. या समाजाच्या एका सणाच्या आधारे वार्धक्य, मृत्यू व परलोक यांविषयीची त्याची धारणा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सणाचे स्वरूप

ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याच्या प्रतिपदेस वर्षारंभ होतो. त्यास बेने इस्रायल ‘नव्याचा सण’ म्हणतात. दहाव्या दिवशी येणारा योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे ‘दारफळणीचा सण’, अर्थात दार लावून घेण्याचा सण होय. दोन्ही कालगणना चांद्रमासावर आधारलेल्या असल्याने हा सण अनेकदा दसऱ्याच्या आसपास येतो. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला व २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला दोन्ही सण एकाच दिवशी आले. अधिक मासाचा मेळ न बसल्यास मात्र त्यांत सुमारे महिन्याचे अंतर पडते.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात या समाजाच्या जुन्या आचारांची माहिती मिळते. सणापूर्वी स्नान करून शुभ्र वस्त्रे नेसावीत, दार लावून घ्यावे, अन्नपाणी वर्ज्य करावे व इतरांचा संपर्क टाळावा, अशी रीत होती. पूर्वजांचे आत्मे आदल्या दिवशी घरी येतात व सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ‘शिळ्या सणा’ला, परत जातात, अशीही जुनी समजूत होती. शेजारच्या हिंदू समाजातील पितृपंधरवड्याशी तिचे साम्य उघड आहे. परंतु या तीन दिवसांची रचना स्वतंत्रपणेही अर्थपूर्ण ठरते. मृत घरी येतात तेव्हा जिवंत माणसे स्वतः मृतवत होतात. शुभ्र वस्त्र कफनाची आठवण देते व उपवास देहाच्या गरजा थांबवितो. मृत परतल्यावर जिवंतांचे दैनंदिन जीवन पुन्हा सुरू होते.

वार्धक्य व मृत्यू

स्तोत्रसंहितेतील ७१ व्या स्तोत्रात, बळ ओसरल्यावर म्हातारपणी आपला त्याग करू नये, अशी ईश्वराकडे याचना आहे. या काळातील क्षमायाचनेच्या प्रार्थनांमध्येही हाच आशय येतो. धर्मशास्त्राने मात्र ही जबाबदारी केवळ ईश्वरावर सोपविलेली नाही. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे. तसेच उपवासामुळे जिवास धोका असेल अशा वृद्धाने किंवा रुग्णाने अन्न घ्यावे, असाच नियम आहे. कारण प्राणरक्षण हे उपवासाहून श्रेष्ठ मानले जाते.

माणसाविरुद्धचा अपराध त्या माणसाने क्षमा केल्याशिवाय योम किप्पूरने धुतला जात नाही, असे मिश्ना हा ग्रंथ सांगतो. अपराध सोसणारी व्यक्ती मरण पावली असेल तर काय करावे, याचे उत्तर बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दिले आहे : दहा माणसांना तिच्या कबरीपाशी नेऊन त्यांच्यासमक्ष अपराधाची कबुली द्यावी.

परलोकविचार

हिब्रू बायबलमध्ये परलोकाचे वर्णन त्रोटक आहे. ‘शेओल’ ही मृतांची अंधारी, निःशब्द जागा होय. पुनरुत्थान व ‘ओलाम हबा’, म्हणजे येणारे जग, या कल्पना पुढे विकसित झाल्या. मायमोनिडीस यांच्या तेरा श्रद्धातत्त्वांत पुनरुत्थानाचा समावेश आहे. स्वर्ग कसा आहे यापेक्षा जिवंतांनी मृतांसाठी काय करावे, यावर या परंपरेचा भर आहे. मृतासाठी म्हटल्या जाणाऱ्या ‘कद्दिश’ या अरामी प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही. ती ईश्वराची स्तुती आहे. परंतु ती एकट्याने म्हणता येत नाही. तीसाठी परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुषांचा ‘मिन्यान’, म्हणजे गणपूर्ती, आवश्यक असते.

बेने इस्रायलांच्या स्मृतीचा आरंभही दफनापासूनच होतो. अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना तेथेच पुरण्यात आले, अशी परंपरागत कथा आहे. तेथील दफनभूमी आजही समाजास वंदनीय आहे.

समारोप

कबरीपाशी क्षमा मागावयाची असो वा कद्दिश म्हणावयाचा असो, दोन्हींसाठी दहा जिवंत माणसे लागतात. ही अट आज कोकणात केवळ शास्त्रार्थाचा विषय राहिलेली नाही. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये स्थायिक झाला. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ती संख्या पाच हजारांहून कमी झाली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. तथापि अलिबागचे मागेन आबोथ (१८४८) वा पनवेलचे बेथ एल (१८४९) यांसारख्या प्रार्थनागृहांत दहा जण जमणे, हा प्रश्न शासकीय दर्जाने सुटणारा नाही. दारफळणीच्या सणात प्रत्येक कुटुंब दार लावून घेत असले, तरी वृद्धाला आधार व मृताला प्रार्थना मिळण्यासाठी दाराबाहेर समाज असावा लागतो. या सणातील परलोकविचाराचे मर्म यातच आहे.