पावणेपाच मिलिमीटर

नगरजवळच्या नेप्तीच्या कांदा बाजारात माझ्या भावाच्या गोण्या उतरत होत्या आणि मी पिकअपच्या सावलीला बसले होते. समोरच मागचं चाक होतं. टायरच्या आतल्या अंगाने ओल उतरलेली, तिच्यावर धूळ बसून काळपट चिखल झालेला. पाणी असतं तर एप्रिलच्या उन्हात केव्हाच वाळलं असतं. ड्रायव्हरला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "ब्रेक ऑइल आहे ताई. महिना झाला, आठवड्याला थोडं टाकतो. दोनदा पॅडल मारलं की लागतो ब्रेक."

हीच गाडी आदल्या आठवड्यात दीड टन कांदा घेऊन माळशेज घाटाने वाशीला गेली होती. ड्रायव्हरशेजारी माझा भाऊ बसला होता. "दोनदा मारलं की लागतो" हे काही माझ्या डोक्यातून जाईना. गोण्या उतरल्या, तशी मी दोघांना घेऊन कल्याण रोडवरचं एक गॅरेज गाठलं.

गाडी जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे लागले, चाक निघालं. पन्नाशीचे मेस्त्री पोतं अंथरून गाडीखाली सरकले. आधी त्यांनी चाकातला सिलेंडर पाहिला, तो कोरडा होता. मग मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणाऱ्या बारीक लोखंडी पाइपावर अंगठ्याचं नख टेकवलं आणि डोळे मिटून ते नख हळूहळू ओढत नेलं. क्लिपपाशी नख थांबलं. "इथं," ते म्हणाले.

क्लिप काढली तशी गंजाची खपली गळून पडली. खाली घट्ट बसलेली माती होती आणि मातीत कांद्याची सालं. पावसाळ्याच्या तोंडावर हीच गाडी युरिया आणि पोटॅशची पोती वाहते. खत सांडतं, चिखलात मिसळतं, क्लिपखाली जाऊन बसतं आणि ओल धरून ठेवतं. उघडा पाइप वाऱ्याने वाळतो तरी, क्लिपखालचा कधीच वाळत नाही. समुद्रापासून एवढ्या लांब, आपल्या कोरड्या जिल्ह्यात लोखंड असं खारानं खाल्लेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खाली वाकले तेव्हा ब्रेक ऑइलचा किंचित गोडसर वास आला आणि त्यात कुजक्या कांद्याचा दर्प. तो वास अजून आठवतो.

"एवढासा पाइप?" मी विचारलं.

"पावणेपाच मिलिमीटर," मेस्त्री म्हणाले. "गाडी, माल, माणसं, सगळी ह्याच्यावर."

बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. गाडीखाली तो डोळ्यांनी दिसतो. पाय पॅडल ढकलतो, मास्टर सिलेंडर ऑइल दाबतो, तोच दाब पाइपांतून चाकांत जाऊन लायनर ड्रमला चिकटवतो. मास्टर सिलेंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन कप्पे वेगळे असतात. त्यामुळे मागचा पाइप गळला तरी पुढचा ब्रेक उरतो, फक्त पॅडल खोल जातं. दोन कप्पे माणूस वाचावा म्हणून केलेले असतात. पण ड्रायव्हरच्या पायाला त्या खोल पॅडलची सवय होते आणि बिघाड रोजचाच होऊन बसतो. मालवाहू गाडीचं ओझं तर मागच्या चाकांवर असतं. हौदा भरला की मागचा ब्रेकच जास्त हवा, आणि नेमका तोच गेलेला.

ड्रायव्हर हिशेबाला आला. "तेवढाच तुकडा कापून जोड मारा की. नाहीतर तांब्याचा टाका, लवकर वळतो."

मेस्त्री गाडीखालून बाहेर आले, उठून बसले. "तांबं वळतं लवकर, म्हणूनच नको. हादऱ्यांनी ते कडक होतं अन् चिरतं. अन् जोड मी मारत नाही. आज इथं सडला, उद्या चार बोटं पुढं सडंल. पुरा पाइप बदलायचा असंल तर थांब, नाहीतर चाक लावून देतो."

ड्रायव्हर गप्प झाला. मला त्याचा राग आला नाही. गाडी जितके तास उभी, तितके तास भाडं बुडतं, आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही. पण माझं मन मेस्त्रींकडे होतं. नव्या टायरला, हौद्याच्या रंगाला माणूस पैसे देतो, कारण ते दिसतात. जे दिसत नाही तिथे घासाघीस होते. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं, ते योग्यच आहे. पण एका फिटनेसपासून दुसऱ्यापर्यंतचे दिवस पाइप सडतच असतो आणि ते दिवस अशा माणसाच्या नखावर निघतात. याच नगर शहराजवळ वाहननगरला लष्करी वाहनांचं संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची मोठी संस्था आहे. जुन्या पिकअपची चाचणी मात्र कल्याण रोडवर पोत्यावर पडून होते.

गंजलेल्या नटांवर डिझेल सोडून अर्धा तास वाट पाहिली, मग ते निघाले. जुन्या पाइपावर सुतळी धरून माप घेतलं. नवा दुपदरी पोलादी पाइप कापला आणि तोंड फुलवण्याआधी नट आत सरकवला. तोंड फुललं की नट चढत नाही. पाइपाची कड टूलमध्ये एकदा फुलवून पुन्हा आत दुमडली, म्हणजे तोंड दुहेरी झालं. इथे केसाएवढी चीर जरी राहिली तरी ऑइल वाट काढतं. मेस्त्रींनी पहिलं तोंड उजेडात फिरवून पाहिलं आणि काही न बोलता कापून टाकलं. दुसरं केलं. मला तरी दोन्ही सारखीच दिसली. जुना पाइप शेजारी ठेवून नव्याला हाताने तसेच बाक दिले. सायलेन्सरपासून लांब, पाट्यांना घासणार नाही असा तो बसवला. क्लिपखाली रबराची पट्टी घातली.

मग सीलबंद ब्रेक ऑइल उघडलं. हे ऑइल हवेतला ओलावा पिऊन घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळायचं नाही, पण पाणी प्यालं की ही हद्द १५५ पर्यंत उतरते. घाटात ब्रेक तापले की असं ऑइल उकळून त्याची वाफ होते. वाफ दबते, आणि पॅडल तळाला जातं. म्हणून मेस्त्री फोडलेल्या बाटलीतलं उरलेलं ऑइल दुसऱ्या गाडीत घालत नाहीत.

आता हवा काढायची होती. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. ड्रायव्हर पॅडलवर, माझा भाऊ बॉनेटपाशी ऑइलची डबी भरत, मेस्त्री खाली निप्पलपाशी.

"मार. मार. मार. धर!"

"धरलंय!"

निप्पल अर्धा आटा उघडला. पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे गेले. निप्पल बंद. "सोड." पुन्हा. "धर!" "धरलंय!" एकमेकांना न दिसणारी दोन माणसं फक्त आवाजावर काम करत होती. "धर" ऐकून ड्रायव्हरनं पाय आधी सोडला तर हवा परत आत जाणार. बुडबुडे बारीक झाले, मग संपले. बाटलीत नुसती सलग धार.

इंजिन चालू करून ड्रायव्हरने पॅडल रेटून धरलं. मेस्त्रींनी प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पाहिला. फडकं कोरडं. त्यांनी जुना पाइप उचलून हाताने वाकवला. क्लिपच्या जागी तो बिस्किटासारखा तुटला. दोन्ही तुकडे त्यांनी ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवले. तुटल्या तोंडाशी पत्रा कागदाएवढाच उरला होता. "पावणेपाच मिलिमीटर," ड्रायव्हर स्वतःशीच पुटपुटला.

रिकाम्या रस्त्यावर फेरी झाली. मेस्त्री शेजारी बसले होते, मी आणि भाऊ मागे हौद्यात. गॅरेजपाशी परतताना ड्रायव्हरने सवयीनं पॅडल दोनदा मारलं. पहिल्यालाच गाडी जागच्या जागी थांबली आणि आम्ही केबिनवर आदळलो. काचेतून दिसलं, मेस्त्रींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"एकदाच," ते म्हणाले. "आता एकदाच मारायचा."