गोटी नियम का पाळत नाही?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची दहा वर्षांची कन्या मला पुण्यातल्या एका मॉलमधल्या खेळघरात घेऊन गेली. तिथे बंदिस्त दालनात 'मिनी गोल्फ' मांडला होता. हिरव्या गालिच्याच्या अरुंद पट्ट्या, दोन्ही बाजूंना लाकडी कठडे, मध्ये अडथळे आणि शेवटी एक खळगा. काठीने चेंडू हलकेच ढकलून कमीत कमी फटक्यांत खळग्यात घालायचा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे १८६७ साली स्त्रियांनी केवळ अशा हलक्या फटक्यांच्या गोल्फसाठी मंडळ काढले होते. आजचा मिनी गोल्फ त्याच घराण्यातला.

एका पट्टीवर मधल्या अडथळ्यामुळे सरळ वाट नव्हती. चेंडू कठड्यावर आपटूनच वळवावा लागणार होता. मी भौतिकशास्त्राचा माणूस. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान, असे म्हणत मनातल्या मनात कठड्यावरचा बिंदू ठरवला आणि फटका मारला. चेंडू खळगा आणि कठडा यांच्यामधून निघून गेला. तीनदा मारला, तिन्ही वेळा तसेच. मुलीने माझ्या बिंदूच्या बराच अलीकडे नेम धरला आणि दुसऱ्या प्रयत्नात चेंडू खळग्यात घातला. "बाबा, तुम्ही मारता तिथे मारलं की तो भिंतीच्या कडेकडेनंच जातो," ती म्हणाली.

नंतर ती बाहुल्या उचलणाऱ्या पंज्याच्या यंत्राकडे वळली. तिथे मात्र आठ प्रयत्नांनंतरही तिला काही उमगले नाही. याचे कारण आहे. अशा बऱ्याच यंत्रांत पंजाची पकड किती घट्ट असावी हे चालकाला ठरवता येते. आपली चूक कुठे झाली हे तिथे कळायला मार्ग नसतो. कठड्यावरचा चेंडू मात्र दरवेळी एकाच दिशेने चुकत होता. एकाच दिशेने होणारी चूक ही निसर्गाने दिलेली माहिती असते.

चार दिवसांनी आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्याला तिच्या मामाकडे गेलो. अकोला-हिंगोलीकडून आणि नागपूर-यवतमाळकडून येणारे रस्ते नांदेडला जाण्याआधी इथे एकत्र येतात. मामा प्राथमिक शिक्षक. तिथे मॉल नाही, पण घरात गुळगुळीत शहाबादी फरशी होती. मुलीने सुताराकडून एक सरळ फळी आणली, खडूने खळगा काढला आणि काचेच्या गोट्यांवर मिनी गोल्फ सुरू झाला. गोटीही तशीच चुकली. मामा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "दाजी, मग पुस्तकातला नियम खोटा समजायचा का? उद्या वर्गात एखाद्या पोराने हेच करून दाखवलं तर मी काय सांगू?"

प्रश्न योग्य होता. अशा वेळी "तुझा नेम चुकला" असे सांगून पुढे जाण्याचा मोह आपल्या सर्वांनाच होतो. पण मुलाचा नेम चुकलेला नसतो.

नियम प्रकाशाचा आहे. आरशावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषला जातो, पण परत येणाऱ्या प्रकाशाचा वेग कमी होत नाही. चेंडूचे तसे नाही. त्याच्या वेगाचे दोन भाग करू: एक भिंतीलगत, दुसरा थेट भिंतीकडे. भिंत गुळगुळीत असेल तर पहिला भाग जवळपास तसाच राहतो. दुसरा उलटतो, पण टकरीत काही ऊर्जा ध्वनी व उष्णता होऊन जाते, म्हणून तो घटतो. साहजिकच चेंडू भिंतीकडे झुकून परततो.

याशिवाय गोटी घरंगळत येते. टकरीनंतर तिची दिशा बदलते, पण अंगातली फिरकी बरीचशी जुनीच, म्हणजे भिंतीकडे घरंगळण्याची असते. त्यामुळे फरशीचे घर्षण तिला पुन्हा भिंतीकडे ओढते. बिलियर्ड्सच्या टेबलाची रबरी कड चेंडूच्या मध्याहून किंचित वर टेकेल अशी बसवतात. कडेचा धक्का मध्याच्या वर बसला की ही जुनी फिरकीही पालटते. फिरकीचा हा विषय पोरखेळाचा नाही. ज्यांच्या नावाने 'कोरिऑलिस बल' ओळखले जाते, त्या गॅस्पार कोरिऑलिस यांनी १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

आता प्रयोग. फरशीवर फळी घट्ट बसवून तिला समांतर, ५० सेंमी अंतरावर खडूची रेषा काढा. रेषेवर परस्परांपासून १०० सेंमी अंतरावर अ आणि ब या खुणा करा. अ समोर फळीवर शून्याची खूण करून तिथून पुढे सेंटीमीटर आखा. पुठ्ठ्याची पन्हळ तिरकी धरून गोटी दरवेळी त्याच उंचीवरून सोडा, म्हणजे वेग सारखा राहील. ती अ वरून जाऊन फळीवर आपटावी आणि ब वर पोचावी. नियमाप्रमाणे ती ५० च्या खुणेवर आपटायला हवी. प्रत्यक्षात कोणत्या खुणेवर आपटल्यास ब गाठता येतो हे मुलांना शोधू द्या.

समजा उत्तर ४० आले. मग ४० भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.६७. भिंतीलगतचा वेग बदलला नाही असे धरले, तर भिंतीकडे जाणाऱ्या वेगाचा सुमारे दोन-तृतीयांश भागच परत मिळाला. या आकड्यात टक्कर आणि फिरकी या दोहोंचा परिणाम एकत्र आला आहे. गुणोत्तर शिकलेल्या मुलांना एवढे गणित जमते.

फिरकीचा वाटा वेगळा काढायचा तर कॅरमबोर्ड घ्या. स्ट्रायकर घरंगळत नाही, घसरतो. तिथे ५० ऐवजी २० आणि १०० ऐवजी ४० सेंमी अंतरे घ्या. कडेपासून स्ट्रायकरच्या त्रिज्येएवढी आत रेषा आखून तिलाच भिंत समजा. स्ट्रायकर नियमाच्या बराच जवळ जातो, पण पूर्ण पाळत तोही नाही. शेवटी फळीच्या जागी आरसा उभा करून टॉर्चचा बारीक झोत सोडा. तो मात्र बरोबर मध्यावर आपटेल.

मामाला मी एवढेच सांगितले की, नियम खोटा नाही, पण त्याला अट आहे: परतताना वेग घटता कामा नये आणि फिरकी नको. ही अट फळ्यावर आधी लिहिली तर मुले ती पाठ करतील. गोटी चुकल्यावर लिहिली तर ती त्यांना हवी असेल.

आम्ही निघालो तेव्हा मामा-भाची फळीवर सायकलची जुनी ट्यूब ताणून बसवत होते. आकडा ०.६७ च्या वर जाईल की खाली, यावर दोघांची पैज लागली होती. आपल्या वर्गातही लावून पाहा.