जुन्या हबची ओळखपरेड

सातपुड्याच्या डोंगरात, अक्कलकुवा तालुक्यात काठी हे गाव आहे. राजवाडी होळीसाठी ते प्रसिद्ध आहे. इथल्या चढउताराच्या रस्त्यांवर सायकलच्या चाकांची चांगलीच परीक्षा होते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या. पण अशा सायकलचे मागचे चाक करकर वाजू लागले आणि जवळपास दुकान नसले, की सायकल पडवीला टेकून राहते. बिघडलेले असतात मूठभर छर्रे, पण भंगारात जाते अख्खे चाक. त्या चाकाच्या मध्यभागी असलेला हब बहुधा अजून कामाचा असतो. तो कसा ओळखायचा आणि पुन्हा कसा वापरायचा, ते पाहू.

आधी बैलगाडीचे चाक आठवा. मध्ये लाकडी तुंबा, त्यातून निघालेले जाड आरे आणि बाहेर लोखंडी धाव. गाडीचे वजन तुंब्याखालच्या आऱ्यांवर येते, ते दाबले जातात. म्हणून आरे जाड असतात. सायकलची तार मात्र दाबली तर लगेच वाकेल. मग ती वजन कसे पेलते? चाक बांधतानाच सगळ्या तारा ताणून ठेवलेल्या असतात. वजन आले की तळच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच! याचा अर्थ, हबच्या दोन टोकांना भोके पाडलेल्या ज्या चकत्या असतात त्यांना तारा सतत बाहेर ओढत असतात, सायकल नुसती उभी असली तरीही. मागच्या हबला तर साखळीचा पीळही रिमपर्यंत पोचवावा लागतो. म्हणून तारा केंद्रातून सरळ न निघता तिरप्या, एकमेकींना छेदत जातात. इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी 1874 मध्ये अशा तिरप्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले.

आता ओळखपरेड. पहिले काम म्हणजे भोके मोजणे. इंग्रजी पद्धतीच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असत. मागच्या चाकावर वजन जास्त, शिवाय पीळही त्यालाच. आपल्याकडच्या दणकट सायकलींनी हीच पद्धत उचलली. इतर अनेक सायकलींना दोन्हीकडे 36 तारा असतात. आम्ही एकदा न मोजताच 40 भोकांच्या हबसाठी 36 भोकांची रिम आणली आणि हात चोळत परत नेली. तेव्हापासून आधी मोजतो, मग बाजारात जातो.

दुसरे काम, अक्षरे वाचणे. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने हब पुसला की कारखान्याचे नाव दिसू लागते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा 1936 पासूनचा तीन गिअरचा हब मिळाला तर त्यावर 'एडब्ल्यू' ही रोमन अक्षरे आणि आकडे असतात. 54 आणि 7 असे आकडे म्हणजे 1954 चा जुलै महिना. अशा हबच्या पोटात दातेरी चाकांची ग्रहमाला असते. पुढच्या दातेरी चक्राला 48 आणि मागच्याला 18 दाते असतील, तर साध्या हबमध्ये पॅडलच्या एका फेरीत चाक 48 ÷ 18, म्हणजे सुमारे 2.67 फेऱ्या घेते. या हबच्या खालच्या गिअरमध्ये त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे बरोबर 2 फेऱ्या होतात. अंतर कमी कापले जाते, पण चढावर पायाला जोरही कमी लागतो.

तिसरे काम बोटांचे. चाक काढा, हब एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने आस सावकाश फिरवा. खरखर लागली तर आत कचरा असेल, नाहीतर झीज झाली असेल. पान्याने नट काढून कोन उघडा. सर्वसाधारणपणे पुढच्या हबमध्ये दर बाजूला 3/16 इंचाचे 10 छर्रे असतात, तर मागच्यात 1/4 इंचाचे 9. कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या तुकड्यावर, खड्डे दिसले तर तो बदला. कोन आणि छर्रे झिजण्यासाठीच असतात. पण हबच्या आतल्या वाटीत खड्डे पडले असतील, किंवा चकतीवर दोन भोकांमध्ये तडा असेल, तर तो हब भंगारातच द्यावा. ताणलेल्या तारा तो तडा वाढवतच नेतील.

छर्रे बदलताना एका बाजूचे सगळे एकदम बदला. जुन्यांत एकच नवा टाकला तर तो किंचित मोठा असल्याने भार एकटाच उचलेल आणि लवकर फुटेल. नवे ग्रीस भरा. कोन इतकाच आवळा, की चाक आडवे हलू नये आणि मोकळे फिरावे. आवळणे बरोबर झाले का? चाक उचलून धरा, व्हॉल्व्ह आडवा ठेवा आणि सोडा. चाकाचा जड भाग आपोआप खाली येऊन थांबला, तर काम जमले.

जुना हब नव्या रिमवर बांधताना तारा पूर्वी होत्या त्याच बाजूने, त्याच तिरपेपणाने घाला; चकतीवर पडलेल्या जुन्या खाचांत त्या नीट बसतात. तारांची लांबी चकतीच्या व्यासावर अवलंबून असते, म्हणून व्यास मोजून घ्या. नवे फ्रीव्हील बसवताना आटे हाताने सहज फिरले पाहिजेत. जोर लावावा लागला तर थांबा, आटे वेगळ्या मापाचे असण्याची शक्यता आहे.

एखाद्या शनिवारी शाळेत दोन जुने हब, मोजपट्टी आणि पाने आणा. भोके मोजायला, गुणोत्तर काढायला आणि खरखर ओळखायला मुलांनाच सांगा. यंत्राचा पाठ तर होईलच. शिवाय पडवीला टेकलेली एखादी सायकल सोमवारी पुन्हा शाळेच्या वाटेला लागेल.