विश्लेषण : ६०० हॉर्सपॉवरची जुनी कार ऐन वेगात का गुदमरते? पेट्रोलपुरवठ्याचे गणित काय?

साठच्या दशकातल्या अमेरिकी ‘मसल कार’मध्ये नवे ताकदवान इंजिन बसवण्याची हौस जगभर आहे. पण इंजिनावर लाखो रुपये खर्च करून टाकी, पाइप आणि पंप जुनेच ठेवले, तर पूर्ण वेगात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणूनच पेट्रोलपुरवठ्याची आखणी इंजिन उभे करण्याआधी करावी लागते.

जुनी यंत्रणा का पुरत नाही?

१९६९च्या शेव्हरोले कॅमॅरोचे उदाहरण घेऊ. तिच्या ३९६ घन इंचांच्या व्ही-८ इंजिनाच्या सर्वांत ताकदवान प्रकाराचा अधिकृत आकडा ३७५ हॉर्सपॉवर होता. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. तेवढ्या ताकदीला ते पुरेसे होते. आज त्याच गाडीत ६०० हॉर्सपॉवरचे इंजिन बसवले, की मागणी बदलते.

इंजिनाला पेट्रोल लागते किती?

ढोबळ हिशेब सोपा आहे. पूर्ण थ्रॉटलवर प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम पेट्रोल जळते. ६०० हॉर्सपॉवरसाठी ते तासाला १३६ किलो, म्हणजे सुमारे १८४ लिटर होते. सेकंदाला जवळपास ५० मिली! कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये काही सेकंदांपुरतेच पेट्रोल मावते. पुरवठा तुटला, की बाऊलमधली पातळी खाली जाते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते, ज्वलनकक्षाचे तापमान आणि ‘नॉकिंग’ वाढते. नुकसान होते ते इथेच.

मग मोठा पंप लावला की झाले?

नाही. पंपाच्या खोक्यावरचा आकडा अनेकदा कोणताही अडथळा नसतानाचा असतो. दाब वाढला, की प्रवाह घटतो. व्होल्टेज कमी मिळाले, तर आणखी घटतो. त्यामुळे पाहायचे ते प्रत्यक्ष दाबाला आणि गाडीत मिळणाऱ्या व्होल्टेजला पंप किती देतो, हे. २० ते २५ टक्के जादा क्षमता धरली, तर वरच्या उदाहरणात तासाला सुमारे २३० लिटर लागतील. पंपाला जाड वायर आणि वेगळा रिले हवा.

इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा असतो. म्हणून तो टाकीजवळ आणि शक्य तितका खाली बसवतात. ओढताना दाब कमी झाला, की गरम पेट्रोलची वाफ होते आणि पंप रिकामा फिरतो. पंपाआधी जाळीचा मोकळा फिल्टर आणि पंपानंतर बारीक फिल्टर, हा क्रम त्यासाठीच.

दाब किती हवा?

बहुतेक कार्ब्युरेटरना ५ ते ७ पीएसआय पुरतो. त्याहून फार वाढला, तर बाऊलची सुईवजा झडप पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडते. आगीचा धोका तिथे आहे. म्हणून रेग्युलेटर लागतो. तो कुठे बसवायचा, हा खरा प्रश्न.

टाकी मागे, कार्ब्युरेटर पुढे. मधली लाइन साधारण साडेतीन मीटर. ड्रॅग स्ट्रिपवर गाडी १ जी प्रवेगाने सुटली, तर लाइनमधले पेट्रोल मागे रेटले जाते आणि सुमारे ३.७ पीएसआय दाब त्यातच खर्च होतो. मागेच दाब ७ पीएसआयवर आणला, तर पुढे निम्माही उरत नाही. रेग्युलेटर कार्ब्युरेटरजवळ असेल आणि पंपाकडे दाबाची शिल्लक असेल, तर हा तोटा आधीच भरून निघतो. जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी ‘रिटर्न लाइन’ असेल, तर पेट्रोल फिरते राहते आणि वाफ होण्याची शक्यताही घटते.

पाइप आणि टाकीचे काय?

आतला व्यास तीन अष्टमांश इंचांवरून अर्धा इंच केला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा तोटा जवळपास चौथ्या भागावर येतो. काटकोनी वळणे जितकी कमी, तितके बरे. टाकीत पेट्रोल उचलणारी नळी रुंद हवी, वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊ नये म्हणून आडपडदे हवेत आणि हवा आत येण्याची वाट मोकळी हवी. ती बुजली, तर कितीही महागडा पंप हतबल ठरतो.

इथेनॉलचा परिणाम होतो?

होतो, आणि भारतातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनाही तो लागू आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये ऊर्जा सुमारे ६ ते ७ टक्के कमी असते. आधुनिक गाडीचा सेन्सर मिश्रण जुळवून घेतो, जुना कार्ब्युरेटर नाही. त्याचे जेट बदलावे लागतात. जुने रबरी पाइप आणि गॅस्केटही इथेनॉलला टिकणारे घ्यावे लागतात.

सुरुवात कुठून करायची?

कार्ब्युरेटरकडून मागे. आधी इंजिनाची मागणी, मग रेग्युलेटर, लाइन, पंप आणि शेवटी टाकी. अपघात झाला किंवा इंजिन बंद पडले, तर पंप आपोआप थांबवणारा स्विच मात्र विसरू नये. नाहीतर फुटलेल्या पाइपातूनही तो पेट्रोल ओततच राहतो. सगळे बसवल्यावर लाइनचे पुढचे टोक मोजपात्रात सोडून मिनिटाला ३ लिटरहून अधिक पेट्रोल येते का, हे इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत आणि ठिणगीपासून दूर तपासावे. त्यानंतर पहिल्या पूर्ण थ्रॉटलच्या फेरीत दाबमापकावर नजर ठेवावी. काटा खाली घसरू लागला, तर पाय लगेच उचलावा.